कोरं पाणी

तिने ट्रेवरच्या दोन्ही पट्ट्या शेवटपर्यंत आत सरकवल्या आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. उथळ ट्रेमधल्या पाण्यावर आज तिने काहीच टाकलं नव्हतं. एरवी सिरिंजने एक थेंब सोडायचा, तो एकाच रेणूच्या जाडीचा थर होऊन पसरायचा, मग पट्ट्यांनी तो दाबायचा आणि त्यावर अवरक्त किरण सोडायचे. दाटीवाटीत रेणू ताठ उभे राहिले की आलेखात एक शिखर उमटतं. त्या शिखराने तिच्या मार्गदर्शक सरांना नाव मिळवून दिलं होतं. तिच्या प्रबंधाची चार प्रकरणंही त्याच्याच जिवावर होती.

शिखर आलं. कोऱ्या पाण्यावर. सकाळपासून तिसऱ्यांदा.

प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता. सहा वर्षं झाली होती, मुदतवाढ संपली होती. मागून आलेली मुलं तिला आजी म्हणायला लागली, त्यालाही दोन वर्षं लोटली होती.

"आजीबाई, आटोपलं का?" सरांनी आत येऊन दार लावून घेतलं. आलेखावर नजर टाकली. "छान आलाय की."

"थेंब टाकलेला नाही, सर. पट्ट्यांचं वंगण पाण्यात उतरतंय. शिखर त्याचं आहे."

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"ट्रे नीट धुतला होतास?"

"तिन्ही वेळा."

"मीही तीनदा धुतला होता," ते म्हणाले. "तू तेव्हा शाळेत असशील."

ती पडद्यावरून त्यांच्याकडे वळली.

"मग?"

"मग काय. लेख छापायला गेला होता, घरी तान्हं मूल, नोकरी कायम व्हायची होती. म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू." ते जरासे हसले. "झाकली मूठ आहे गं. तुझी पदवीपण तिच्यातच आहे. टाक तो थेंब."

सिरिंज त्यांनीच उचलून पुढे केली. तिने ती घेतली, सुई पाण्यावर नेली.

मग तिने सुईवर टोपण चढवलं. पट्ट्या मागे घेतल्या. नोंदवहीत तारखेखाली लिहिलं: कोरं पाणी, खेप चौथी.

सर दाराकडे वळले.

"आता दार उघडू नका, सर," यंत्र सुरू करत ती म्हणाली. "बाहेरची दमट हवा आत आली की आलेख बिघडतो. वीस मिनिटं लागतील."

सरांचा हात कडीवर तसाच राहिला. थोड्या वेळाने त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, आवाज होऊ न देता, आणि बसले.