उक्कीच्या बोटाची साक्ष

खोलीत अगदी शांतता होती, आणि त्या शांततेत प्लास्टिकच्या पेल्यात बारीकशी धार पडल्याचा आवाज झाला. धार थांबली, मागाहून दोन थेंब पडले, आणि साइमी म्हणाली, "झालं. आज एवढीच आहे."

"पुरे तेवढी," हेन्ना म्हणाली.

शनिवारची दुपार होती. आतल्या खोलीत वाफेच्या अंघोळीचा सौना तापायला लागला होता आणि बाहेरच्या, कपडे बदलायच्या खोलीतली फळी तळपायाला कोमट लागत होती. हेन्नाने शेल्फवरच्या बाटलीतून लघवी तपासायची एक पट्टी काढली, पेल्यात बुडवली, कडेवर झटकली, आणि दोघी मिळून पंधरापर्यंत मोजायला लागल्या. साइमी नेहमी तेरा विसरते, तशी आजही विसरली.

पंधरा झाले. पट्टीचं टोक होतं तसंच राहिलं, सायीच्या रंगाचं.

"आई, ब्लूबेरी नाही आली."

"थांब, दुसरी घेऊ."

दुसरीही सायीसारखीच निघाली. गेले दहा आठवडे बुधवारी आणि शनिवारी, सौनाच्या दोन्ही दिवशी, हे टोक पंधरा म्हणायच्या आत जांभळं व्हायचं, आणि साइमी त्याला ब्लूबेरी म्हणायची. बाटलीवर रंगांची शिडी छापलेली होती. आजचा रंग त्या शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर होता.

हेन्नाने मुलीचं तोंड जवळ घेतलं आणि श्वास हुंगला. ही तिची स्वतःची, कुठल्याही कागदावर न लिहिलेली तपासणी. साइमीच्या श्वासाला रोज सकाळी पिकून उतरलेल्या सफरचंदासारखा वास यायचा, आणि तो आला की हेन्नाचा दिवस बरा सुरू व्हायचा. पण चार दिवस सर्दीने हेन्नाचं नाक चोंदलं होतं. वास आला नाही, आणि तो नव्हता की तिला कळला नाही, हेही कळेना.

साइमी सहा वर्षांची होती. चौथ्या वर्षापासून ती हरवायची. डॉक्टरांकडे त्याला वेगळं नाव होतं, घरात मात्र हरवणंच म्हणायचे. चमचा तोंडाच्या वाटेत थांबायचा, पापण्या जरा फडफडायच्या, आणि दहा सेकंद मुलगी नुसती बसून राहायची. मग अर्ध्यावर सोडलेलं वाक्य तिथूनच पुढे चालू. दिवसातून तीस वेळा, चाळीस वेळा. पहिल्या औषधाने काही झालं नाही. दुसऱ्याने हरवणं जरा कमी झालं, पण पोर अशी मंद झाली की पांघरुणाच्या आतून बोलल्यासारखी बोलायची. तेव्हा शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी हा आहार सुचवला. पाव नाही, बटाटा नाही, साखर तर नाहीच. लोणी, मलई, अंडी, मासे, आणि तेही ग्रॅमवर मोजून. साइमीच्या आजोबांना, म्हणजे उक्कींना, ते सगळं एका फटक्यात समजलं होतं. "इतके दिवस आपण पोरीच्या चुलीत काटक्या घालत होतो," ते म्हणाले होते. "आता ओंडका घालायचा. ओंडका सावकाश जळतो." तो ओंडका जळतोय की नाही, ते कीटोन नावाच्या धुरावरून कळायचं, आणि तो धूर आहे का हे बघायला ती पट्टी.

मंगळवारी तीन महिन्यांची मुदत संपत होती. वही घेऊन या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कीटोन टिकून असतील तर पुढे चालू ठेवू; वर-खाली होत असतील तर पुन्हा त्या दुसऱ्या औषधाकडे वळू.

आणि गेले आठ दिवस साइमी एकदाही हरवली नव्हती.

पेला धुता धुता हेन्नाच्या मनात हिशेब जुळायला लागला. गुरुवारी आणि शुक्रवारी ती दंतवैद्याच्या दवाखान्यात कामाला जायची. नवरा उत्तरेकडच्या खाणीत, दोन आठवडे तिकडे आणि दोन इकडे, सध्या तिकडे. ते दोन दिवस साइमी उक्कींकडे असायची, अंगणापलीकडच्या घरात. उक्कींनी चाळीस वर्षं रस्त्यावरचं बर्फ हटवायची गाडी चालवली होती, आणि चाळीस वर्षं त्यांच्या जाकिटाच्या उजव्या खिशात एक पुल्ला असायचा, वरून साखरेचे खडे लावलेला गोड पाव. गावातली पोरं त्यांना बघून उजव्याच बाजूने धावत यायची.

ती अंगण ओलांडून गेली. छपरावरून बर्फाचं पाणी टपकत होतं आणि उन्हाने डोळे दिपत होते. उक्कींच्या दारामागे जाकीट टांगलेलं होतं. हेन्नाने उजव्या खिशात हात घातला. हाताला कागदाची पिशवी लागली. पिशवीत चुरा होता आणि साखरेचे तीन-चार पांढरे खडे.

उक्की स्वयंपाकघरात मासे साफ करत होते. बोटभर लांबीचे मुइक्कू, सकाळीच तळ्याच्या बर्फाला पाडलेल्या भोकातून ओढून आणलेले.

"उक्की, काल साइमीला काय दिलंत?"

"वहीत लिहिलंय. बेचाळीस ग्रॅम मासा, एकोणीस लोणी, आणि ती मलई. मलई आधी मी पिणार म्हणतो, मग ती रागाने सगळी पिते."

"वहीतलं नाही विचारत मी." तिने पिशवी टेबलावर ठेवली.

उक्कींनी पिशवीकडे बघितलं. "ही माझ्या खिशातली."

"हो."

"खिसा तपासलास."

"पट्टी कोरी आली. दोनदा." आवाज चढू नये म्हणून हेन्नाने टेबलाची कड धरली. "तुमचा जीव तुटतो तिच्यासाठी, कळतं मला. पण एक तुकडा, उक्की, एक तुकडा पुरतो. मंगळवारी मी काय सांगू त्यांना? आजोबांना राहवलं नाही म्हणून?"

उक्कींनी सुरी फडक्याला पुसली. राग आला की ते हळू बोलतात, इतकं हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागतं. हेन्ना वाकली.

"तो पुल्ला शेजारच्या कोंबड्यांनी खाल्ला," ते म्हणाले. "सभागृहात दर बुधवारी म्हातारे जमतात, कॉफीबरोबर बशीत पुल्ला ठेवतात. नको म्हटलं की कॉफी वाढणारी ती हिल्का विचारते, पोट बिघडलं का तुझं, कुणाला दाखवलंस का. आणि मग संध्याकाळपर्यंत गावभर माझं पोट. त्यापेक्षा खिशात टाकतो."

"तुम्ही पुल्ला खात नाही." हेन्नाला हसू नाही आलं. "तुम्ही."

"नाही खात."

"कधीपासून?"

उक्कींनी सुरी खाली ठेवली. हात धुतले, पुसले, आणि टेबलाशी बसून डावा हात पुढे केला. "आण ते बोट टोचायचं यंत्र."

"उक्की, रक्ताच्या चारच पट्ट्या उरल्यात. नव्या मंगळवारीच मिळतील."

"तीन पुरतील."

दारात साइमी उभी होती, एका पायात मोजा. "फुंकणी आणू का?" तिने विचारलं. "ती दुखत नाही."

फुंकणी म्हणजे उक्कींनी जानेवारीत मागवलेलं यंत्र. त्यात फुंकलं की श्वासातले कीटोन आकड्यात दिसतात म्हणे. पहिल्याच दिवशी गाडीच्या काचेवर फवारायचं द्रव बाटलीत भरून ते घरात आले आणि फुंकले, तर आकडा असा वर गेला की त्या हिशेबाने ते कधीच इस्पितळात असायला हवे होते. हाताला लागलेल्या त्या द्रवातल्या मद्यार्काला ते यंत्र फसलं होतं. तेव्हापासून फुंकणी खणात होती.

"फुंकणी खोटं बोलते," उक्की म्हणाले. "आज खरं बोलणारं पाहिजे. तुझ्या आईला."

ते टोचणं हेन्नाला लागलं, पण तिने डबी आणली. इस्पितळात शिकवताना नर्सबाईंनी आधी आईलाच बोट टोचायला लावलं होतं. पाव खाणाऱ्या हेन्नाचा आकडा शून्य पूर्णांक एक आला होता. पाव खाणाऱ्या माणसाचा तेवढाच येतो, नर्सबाई म्हणाल्या होत्या.

उक्कींनी छताकडे बघितलं. चाळीस वर्षं वादळात गाडी घालणारा माणूस, त्यांनी डोळेही मिटून घेतले.

"उक्की घाबरला," साइमी म्हणाली.

"घाबरलो नाही. छताचा रंग उडालाय, तो बघतोय."

"डोळे मिटून?"

रक्ताचा थेंब पट्टीने ओढून घेतला. यंत्राने दहापासून उलटे आकडे मोजले. एक पूर्णांक दोन.

हेन्नाने यंत्र उचलून खिडकीजवळ नेलं, जणू उजेडात आकडा बदलणार होता. एक पूर्णांक दोन. असा आकडा एका दिवसाच्या उपासाने येत नाही. हा माणूस कित्येक आठवडे पावाशिवाय राहत होता.

"कधीपासून, उक्की?" तिने पुन्हा विचारलं, यावेळी वेगळ्या आवाजात.

"जानेवारीत ती इथे बसली होती, या खुर्चीत. मी पावाला लोणी लावत होतो. तिने मागितला असता तर नाही म्हटलं असतं आणि खाल्ला असता मी. पण तिने मागितला नाही. नुसती बघत बसली, शहाण्यासारखी." उक्कींनी बोटावरचा कापूस दाबला. "तो घास गेला नाही खाली. मग दुसऱ्या दिवशीही लावला नाही."

"सांगायचं ना."

"कमरेचा पट्टा दोन भोकं आत आलाय. म्हटलं, सुनेला दिसेल. सून पोरीचं सगळं बघते, सासऱ्याचं फक्त खिसे."

हेन्ना खुर्चीत बसली. तिला एकदम रडू येईल असं वाटलं आणि आलं नाही, नुसतं नाक वाहिलं. तेवढ्यात उक्की उठले, सौनाकडे गेले आणि पाचेक मिनिटांनी परतले. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात बाटली.

"बघ. यंत्र म्हणतं धूर आहे, तुझी पट्टी म्हणते नाही. मूत्रही माझंच आणि रक्तही माझंच."

पट्टीचं टोक सायीच्या रंगाचं होतं.

बाटलीचं झाकण तिरपं बसलं होतं. हेन्नाने ते काढून बघितलं. आतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या, टोकं किंचित फुगलेली. आणि बुधवार तिच्या डोळ्यांपुढे आला. आतून साइमी हाका मारत होती, हात ओले होते, आणि तिनेच झाकण टेकवल्यासारखं केलं आणि बाटली तिथेच शेल्फवर ठेवून दिली, सौनाच्या वाफेत. बाटली तिथे ठेवायची कल्पनाही तिचीच होती, साइमीला तिथे पटकन होते म्हणून. बाटलीच्या बुडाशी बारीक अक्षरांत छापलं होतं: कोरड्या जागी ठेवा.

"मीच," ती म्हणाली. "उक्की, मीच केलं हे. आणि आळ तुमच्यावर."

"वहीत लिही," उक्की म्हणाले. "डॉक्टरीणबाईंना आवडेल. पट्ट्यांना वाफ दिली, सासऱ्याला टोचलं." ते पुन्हा माशांकडे वळले होते, पण आवाज आता नेहमीसारखा ऐकू येण्याइतका होता.

"मला माफ करा."

"केलं. तवा ठेव."

पण हेन्नाने तवा ठेवला नाही. उक्कींच्या आकड्याने उक्की सुटले होते. साइमीचं अजून काहीच कळलं नव्हतं. पट्ट्या खराब म्हणजे धूर आहेच असं थोडंच. रक्त तपासायचा दिवस उद्याचा, रविवारचा. रविवारच्या टोचण्याआधी साइमी टेबलाखाली जाऊन बसते आणि अर्धा तास वाटाघाटी चालतात. रविवारशिवाय कधीच नाही, असा शब्द हेन्नाने तिला दिला होता.

साइमी उक्कींच्या बोटाकडे बघत होती. "दुखलं?"

"दुखलं," उक्की म्हणाले.

"खूप?"

"वादळात गाडी खड्ड्यात गेली होती त्याहून कमी."

साइमीने विचार केला. मग खुर्चीवर चढून बसली आणि उजवा हात टेबलावर ठेवला, सगळी बोटं पसरून. "आज केलं तर उद्या नाही."

"उद्या नाही," हेन्ना म्हणाली.

"आणि मधलं बोट. ते सगळ्यात मोठं आहे."

हेन्नाने ते बोट स्वतःच्या तळव्यात धरून ऊब दिली, जशी दर रविवारी देते त्याहून जरा जास्त वेळ. कळ दाबली. साइमी "अई" म्हणाली आणि थेंब वर आला, लाल, गोल. यंत्राने दहा म्हटलं, नऊ म्हटलं. उक्कींच्या हातातला मासा तसाच राहिला होता. चार, तीन, दोन.

चार पूर्णांक शून्य.

"चार," हेन्ना म्हणाली. "उक्की, चार आहे."

"मग मासे कुणी तळायचे ते ठरवा," उक्की म्हणाले, पण पाठ फिरवून, आणि बराच वेळ नळ तसाच चालू राहिला.

लोणी तव्यावर फेसाळलं. एकोणीस ग्रॅम साइमीचं आधी बाजूला काढून ठेवलं. हेन्नाने वही उघडली आणि आकडा लिहिला, बाटलीचंही लिहिलं, सगळं खरं खरं. मंगळवारी ही वही आता बेधडक टेबलावर ठेवता येणार होती. उजवीकडच्या रकान्यात तिने एक शून्य काढलं. त्या शून्याच्या वर तसलीच आठ शून्यं होती.

साइमी कोपरावर हनुवटी टेकून बघत होती. "हे गोल कशाचे?"

"किती वेळा हरवलीस त्याचे. गोल म्हणजे एकदाही नाही."

"आज पण नाही?"

"अजून तरी नाही."

साइमीने बोटाने नऊच्या नऊ गोल मोजले. वहीचं पान उलटून मागचं बघितलं. तिथे चौतीस होतं, एकतीस होतं, अडतीस होतं. त्या आकड्यांवरही तिने एकेक करून बोट ठेवलं.

"आई, मी हरवायचे तेव्हा मी खुर्चीतच असायचे ना?"

"हो. इथेच बसलेली असायचीस."

"आणि डोळे उघडे?"

"उघडे."

"मग त्यातून तुझ्याकडे कोण बघायचं?"