दक्षिणेचा तारा दाखवणारा तांब्याचा गोळा

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहाल तर जुना हंडा समजाल. हिरवट पडलेला आणि अंगभर भोके असलेला. पण पाणी भरणे माझे काम कधीच नव्हते. मी धुळ्याच्या एका शाळेतले तारे दाखवणारे यंत्र आहे.

शाळेतल्या पितांबर सरांनी नकाशे पाहून माझ्या अंगावर खुणा केल्या. तोताराम तांबटांनी त्या जागी भोके पाडली. तेजस्वी ताऱ्याला मोठे, मंद ताऱ्याला सुईच्या टोकाएवढे. पोटात बारीक दिवा बसवला आणि एका खोलीत पांढऱ्या कापडाचा घुमट ताणला. १९८६ सालची ही गोष्ट. दिवा लागला, घुमटभर तारे उमटले आणि तोताराम स्वतःच मान वर करून बसून राहिले. मग गावोगावच्या शाळांच्या सहली येऊ लागल्या. कौतुक फार व्हायचे. मला ते आवडायचे, खोटे कशाला सांगू?

एका हिवाळ्यात पिंपळनेरच्या वसतिगृहातल्या मुली आल्या. त्यांना सांभाळायला तिथे स्वयंपाक करणाऱ्या पुष्पाबाई आल्या होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा सुकदेव मालवाहू जहाजावर कामाला होता. दुसरी दिवाळीही त्याच्याविना गेली होती.

सरांनी मुलींना समजावले की भर समुद्रात ना रस्ता असतो ना मैलाचा दगड, म्हणून खलाशी ताऱ्यांवरून वाट काढत आले. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितके आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला. जहाज दक्षिणेकडे निघाले की ध्रुव खाली उतरू लागतो आणि विषुववृत्त ओलांडल्यावर दिसेनासा होतो.

मुली डबे खायला बाहेर पळाल्या. पुष्पाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. सुकदेवचे जहाज ऑस्ट्रेलियाकडे गेले होते. सगळे ढळेल पण ध्रुव ढळणार नाही, असे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. आणि आपला मुलगा ध्रुवसुद्धा नाही अशा जागी गेला, हे त्यांना आज कळले होते.

"भाऊ," त्या सरांना म्हणाल्या, "मना पोऱ्या जठे शे, तठलं आभाय माले दखाडा."

सरांनी पुन्हा अंधार केला आणि तिचा मुलगा होता तिथले आभाळ दाखवायला मला हळूहळू कलते केले. ध्रुव घुमटाच्या कडेखाली गेला तसा पुष्पाबाईंनी पदर मुठीत धरला. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने अनोळखी तारे वर आले. त्यांच्या पुढे एक ठळक तारा चढत चढत पार माथ्याजवळ पोचला. तो अगस्त्य, सर म्हणाले. हिवाळ्यात आपल्याकडेही दिसतो, दक्षिणेला, अगदी खाली. तिकडे तोच डोक्यावर असतो. पुष्पाबाईंनी त्याची जागा पुन्हा पुन्हा विचारून घेतली. पुढे कळले की त्या रोज संध्याकाळी स्वयंपाक आटोपून वसतिगृहाच्या मागे उभ्या राहतात आणि त्या ताऱ्याशी चार शब्द बोलतात.

उन्हाळ्यात सुकदेव सुट्टीवर आला. पुष्पाबाई त्याला घेऊन थेट माझ्याकडे आल्या. अंधारात एकेक तारा त्याच त्याला दाखवत होत्या. अगस्त्यापाशी आल्यावर थांबल्या.

"तू बी हाऊच तारा दखस ना रे?"

"हां, माय," तो म्हणाला.

त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या, तेव्हा सुकदेव सरांजवळ सरकला. "सर, मी इंजिनरूममध्ये असतो, जहाजाच्या तळाशी. पाळी संपली की उभ्या उभ्या झोप लागते. आभाळाकडे मी कधी नीट पाहिलंच नाही."

त्याने एकदा दाराकडे पाहिले.

"मायला सांगू नका. पण तो तारा मला शिकवा."

सरांनी माझा दिवा पुन्हा लावला. हजारो मुलांनी माझे तारे पाहिले असतील, पण इतक्या घाईने आणि इतक्या मनापासून कोणी पाहिले नाहीत. सर मला फिरवायचे, सुकदेव बोट दाखवायचा, चुकायचा, पुन्हा शोधायचा. बस चुकेल म्हणून बाहेरून पुष्पाबाई हाका मारत होत्या. त्याचे बोट आपोआप अगस्त्यावर जाऊ लागले, तेव्हाच तो उठला.

पुढच्या सफरीत त्याने तो तारा पाहिला का? मला कोणी सांगितले नाही. सर निवृत्त झाले. घुमटाचे कापड उंदरांनी कुरतडले. मला प्रयोगशाळेतल्या कपाटावर ठेवले. कुंभारीण माशीने अर्धे मृग नक्षत्र मातीने बुजवून टाकले आणि दिवाही गेला. मला कोणी मुद्दाम टाकून दिले नाही. नुसते कोणी विचारले नाही.

मित्रांनो, मला कौतुक नको. ओल्या फडक्याने माती पुसा, सुईने भोके मोकळी करा, एक दिवा बसवा. कोणाचे तरी माणूस आजही दूर गेलेले असेल. तिथले आभाळ कसे आहे, हे विचारायला त्याची आई एखाद्या दिवशी दारात येईल. तेव्हा मी अंधारात असू नये, एवढेच.