डिंपलचा ससा

योगराज सर तसे सरळ गृहस्थ. त्यांना भीती एकाच गोष्टीची, बैठकीत उभं राहण्याची. तालुक्याच्या बैठकीत भिंतीवर शाळांचे रंग दिसत. टॅबवरचा वाचनखेळ मुलं रोज वीस मिनिटं खेळली तर शाळा हिरवी, नाही तर लाल. लाल शाळेच्या सरांनी उभं राहायचं आणि हिरव्या शाळांच्या सरांनी त्यांच्याकडे बघत चहा प्यायचा.

खेळ वाईट नव्हता, हे कबूल करायला हवं. प्रत्येक मुलाचा एक ससा. शब्द बरोबर वाचला की ससा पायरी चढे. चुकला तर तिथेच बसून कान हलवी. हसत मात्र नसे. चौथीतल्या डिंपलला तेवढंच हवं होतं. तीन वर्षं जिला अक्षर लागलं नव्हतं, ती सशासमोर दोन महिन्यांत तिसऱ्या पायरीवर आली. 'काका', 'मामा', 'गाव' बोट ठेवून वाचू लागली. दिवाळीनंतर आईबरोबर, बेबाबाईबरोबर, ऊसतोडीला निघताना डिंपलने सरांना बजावलं, "सर, मी येस तवलोंग मना ससाले कोनी हात लावाना नही."

"नाही गं बाई. इथेच बसून राहील तो."

बसून राहिला असता तर बरं झालं असतं. पण नऊ मुलं उसाला गेली, शाळा लाल झाली आणि सर एकदा उभे राहिले. परतताना धरणगावच्या फाट्यापर्यंत त्यांचं गणित सुटलं होतं. दुसऱ्या दिवशी गेलेल्यांचे ससे राहिलेल्यांत वाटले गेले. डिंपलचा ससा संघमित्राच्या वाट्याला आला. संघमित्रा वर्गात सगळ्यांत हुशार. मुद्दाम चुकायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. होळीपर्यंत ससा अकराव्या पायरीवर पोहोचला. शाळा हिरवी झाली. सरांनी बैठकीत दोन कप चहा घेतला.

पाडव्यानंतर डिंपल आली ती थेट टॅबकडे. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. पडद्यावर हिमालयाचा अख्खा उतारा, जोडाक्षरांनी भरलेला.

"सर, हाऊ ससा मना नही शे."

"तुझाच आहे. मोठा झालाय."

"माले हाई येत नही. मी खाले उतरसू."

खाली उतरायची सोय खेळात नव्हती. सरांनी मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून गोड आवाज आला, "सर, मुलाची प्रगती मागे घेता येत नाही. तिच्या नावावर दुसरं कुणी खेळलं होतं का? तसं लेखी कळवा."

लेखी म्हटल्यावर सरांनी फोन ठेवला.

पुढे न वाचणाऱ्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग निघाला. यादी खेळातूनच आली. तीत डिंपलचं नाव नव्हतं. उलट वरून विचारणा झाली: ऊसतोडीला जाऊनही आठ पायऱ्या चढलेली ही मुलगी कोण? साहेब तिचं वाचन ऐकायला येणार. उसाच्या फडात टॅब कुठून आला, हे कोणी विचारलं नाही. हिरव्या रंगाला कोणी असे प्रश्न विचारत नाही.

चार दिवस सर उतारा म्हणत आणि डिंपल त्यांच्यामागून म्हणे. पाचव्या दिवशी साहेबांसमोर ती घडाघडा बोलली. मध्येच टॅबचा पडदा काळा झाला, तरी हिमालय थांबला नाही. साहेब मोबाइलवर तिचं चित्रीकरण करत होते. त्यांना तिचा चेहरा हवा होता, टॅब नव्हे.

साहेबांनी डिंपलच्या वाचनाचं प्रमाणपत्र पाठवलं. ते द्यायला सर स्वतः बेबाबाईच्या घरी गेले. तिने कागद उलटसुलट करून पाहिला.

"काय लिखेल शे यामा?"

सर सांगणार, तेवढ्यात तिनेच त्यांना थांबवलं. "ऱ्हाऊ द्या सर. मनी पोर वाची."

डिंपलने कागद घेतला. एकदा सरांकडे पाहिलं. सरांनी चपलेचा अंगठा नीट केला. मग पहिल्या ओळीखाली बोट ठेवून ती म्हणू लागली, "हिमालयाच्या पर्वतरांगांवर शुभ्र बर्फ पडतो. बर्फ वितळला की नद्यांना..."

बोट ओळींखालून सरकत होतं, आपल्या नावाखालूनही सरकून गेलं. कागद संपला तेव्हा बर्फ अजून शिल्लक होता. तोही तिने संपवला.

बेबाबाईने पदराने डोळे टिपले. "बठ्ठं बराबर वाचं ना, सर?"

"बरोबर," सर म्हणाले, आणि तिने पुढे केलेला चहा घेतला.