पंधराशे आणि बावीसशे

माझ्या भावाचं लिव्हर कामातून गेलं होतं आणि त्याला माझ्यातला तुकडा द्यायचा, एवढं ठरलं होतं. अडचण होती माझ्या चरबीची. "तुमच्या लिव्हरमध्येच साठलीय. उतरली तरच तुम्हाला घेऊ," डॉक्टर म्हणाले. बेचाळीस वर्षांत इतकं तोंडावर मला कोणी जाडी म्हटलं नव्हतं. शाळेची बस चालवते मी. दिवसभर बसून काम, आणि पोरं देतील ते बिस्किट तोंडात!

आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर दोन आकडे लिहिले. मला दिवसाला पंधराशे कॅलरी, चरबी उतरायला. बारक्याला बावीसशे, ऑपरेशन सोसायला अंगावर मांस चढावं म्हणून. बारक्या म्हणजे हाच भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि मी अठराची. तेव्हापासून त्याच्या ताटात काय पडतंय ते मीच बघत आलेय.

आता तो दिवसभर घरी, म्हणून स्वयंपाक त्याच्याकडे. माझा भात काट्यावर ग्रॅमने तोलायचा, तेल चमच्याने मोजायचा. आणि भोपळ्याचं सूप काय करायचा! दाट, गोडसर. मी वाटी चाटूनपुसून लख्ख करायचे.

सहा आठवडे झाले. रोज तासभर तंगडतोड केली, तरी वजन तसूभर हललं नाही. "लपूनछपून काही खाता का?" बाईंनी विचारलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बिस्किटाकडे बघणंसुद्धा सोडलं होतं हो मी! पंधरा दिवसांनी शेवटची तपासणी होती. तेव्हाही असंच निघालं तर बारक्याला देणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली. दुपारीच घरात शिरले, तर बारक्या ओट्याशी पाठमोरा उभा. मिक्सरमध्ये काजू वाटलेले. ते सगळे त्याने माझ्या सूपमध्ये ओतले, वर लोण्याचा हा एवढा गोळा टाकला.

"बारक्या!"

त्याने भांडं खाली ठेवलं. खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही.

"रोज घालतोस?"

"रोज."

'मेल्या' हा शब्द ओठांवर आला होता, तो गिळला. बारक्या आजारी पडल्यापासून मी तो शब्द सोडलाय.

"मी उपाशी झिजतेय आणि तू माझ्याच वाटीत हे कालवतोस?"

"तू काही माझं ऐकणार नव्हतीस, ताई. म्हटलं, डॉक्टरांनीच तुला नको म्हणावं." त्याने ओट्यावरचं फडकं उचललं. "आई ऑपरेशनला गेली ती आलीच नाही परत. तूही आली नाहीस तर?"

हात उचलला होता मी. पण शर्टाच्या बाहीत हरवलेला त्याचा दंड दिसला आणि मी मट्‌कन खुर्चीत बसले.

"मलाही भीती वाटते रे," मी म्हटलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. "सिग्नलला बस थांबली की ऑपरेशनच डोळ्यांपुढे येतं. पण तू नसलेल्या घराची त्याहून जास्त वाटते. तुझ्यावर उपकार करत नाहीये मी. मला तू हवायस."

तो बराच वेळ फडक्याने डोळे पुसत राहिला. मग पातेलं उचलून मोरीकडे निघाला.

"थांब! ओततोस काय? पी ते! बावीसशे कोण पुरे करणार, शेजारी?"

तेव्हा कबूल झाला की स्वतःच्या ताटातलं निम्मं तो रोज टाकूनच देत होता. मी समोर बसून त्याला सगळं सूप प्यायला लावलं.

संध्याकाळी मी बूट घालत होते, तर तोही चपला घालून दाराशी आला. गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो तीनदा बसला. अशा चालण्याने माझी गुंजभरही चरबी जळायची नाही, हे मी त्याला ऐकवलंच. तिसऱ्यांदा तो एका पायरीवर टेकला. बोटांवर कसला तरी हिशेब करत होता.

"ताई, माझे अजून शंभर राहिलेत," तो म्हणाला. "घरी गेल्यावर एक अंडं उकडून देशील?"

आजारपणाच्या या चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने काहीतरी खायला मागितलं होतं.