उशिरा ऐकणारं खोकं

या, जवळ सरकून बसा. एका खोक्याची गोष्ट सांगायची आहे. सांगताना तोंड कडू होतं, म्हणून आधी देवाचं नाव घेऊ आणि मगच त्या खोलीत पाऊल टाकू.

सरांनी क्रीम लागलेला अंगठा चाटला, पँटला पुसल्यासारखा केला आणि तोच कंट्रोलरच्या बटणावर ठेवला. शेजारी बसलेली खेळवाली जराशी बाजूला सरकली. तिनं नजर पडद्यावर नेली.

तिला खेळवाली म्हणत, कारण त्या इमारतीत तिचं नाव लक्षात ठेवायची कुणाला गरज पडली नव्हती. ती आणि तिचे काका, दोघांनी घराच्या मागच्या खोलीत बसून टीव्हीवर खेळायचा एकच खेळ केला होता. दोन माणसं, एक फळी आणि खाली नदी. एकानं फळी टाकायची, दुसऱ्यानं पाऊल टाकायचं, पावलाला पाऊल जुळलं तरच पलीकडे. बाकी त्यात काही नव्हतं; पण खेळणारी माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत. चित्रं तिची, आवाज काकांचे. माणूस पाण्यात पडल्याचा आवाज त्यांनी ओला टॉवेल बादलीत आपटून केला होता.

पुढे एका बलाढ्य कंपनीच्या मनात आलं की आपणही व्हिडिओ गेम खेळायचं खोकं काढावं. घराघरात तिचे फोन होते, तिची दुकानं होती. टीव्हीखालची तेवढी जागा राहिली होती. मूठभर फुटाणे घ्यावेत तसे तिनं खेळ बनवणारे लहान लहान कारखाने विकत घेतले. त्यात हे दोघंही आले आणि खेळ कंपनीचा झाला. आज कंपनीचे मोठे साहेब, म्हणजे हे सर, ठरवणार होते, तो खोक्याबरोबर बाहेर पडणार की कपाटात जाणार. कपाटात गेलेला खेळ पुन्हा कुणाला काढता येत नसे. ज्यांनी केला त्यांनाही नाही.

"हे बघा मॅडम," सर म्हणाले, "या धंद्यात जुनी मंडळी आहेत, मान्य. पण आपल्याकडे काय नाही? पैसा आहे, माणसं आहेत. खेळ काय, कुणीही करतं."

"हो सर," मागच्या रांगेतून चौघं म्हणाले.

सर आयुष्यात कधी कुठला खेळ खेळले नव्हते, हे चौघांनाही ठाऊक होतं.

खोक्याचे लाड निराळेच होते. सुरू केलं की ते आधी नाव विचारी, मग संमती, मग आणखी एक संमती. मग जाहिरात दाखवी आणि वाट पाहिल्याबद्दल आभार मानी. ते परवडलं. पण तुम्ही बटण दाबलं की त्याचा निरोप आधी कंपनीच्या कुठल्याशा दूरच्या इमारतीत जाई, तिथं त्याची नोंद होई आणि मग तो परत येऊन पडद्यावरचा माणूस हलवी. अर्धा श्वास उशीर. जाहिरात बघायला काय, चालून जातं. फळीवर उभं राहायला नाही. कंट्रोलरचा इंजिनियर हे कधीपासून सांगत होता. सर म्हणत, "मला कुठे जाणवतं?"

खेळ सुरू झाला. खेळवालीनं फळी टाकली. सरांनी बटण दाबलं. त्यांचा माणूस क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला आणि पाण्यात गेला. पुन्हा टाकली, पुन्हा गेला. सरांच्या नाकावर घाम आला.

"फळी टेकली की लगेच दाबायचं, सर."

"लगेचच दाबतोय. हाच उशिरा ऐकतोय."

इंजिनियरनं मान वर केली, एखाद्याची साडेसाती उतरावी तसा त्याचा चेहरा झाला. बोलायला त्यानं तोंड उघडलं.

पण सरांचं वाक्य संपलं नव्हतं. "नाहीतर तुमच्या खेळातच गडबड आहे, मॅडम. माणूस पाय उचलत नाही. असला माल लोकांपुढे न्यायचा?" त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि सेक्रेटरीबाईंकडे पाहिलं. "पुढचं काय आहे?"

इंजिनियरनं मान पुन्हा खाली घातली.

मागून काका खाकरले. "सर, त्याची बॅटरी उतरलेली दिसते. हा घेऊन बघा." त्यांनी पिशवीतून दुसरा कंट्रोलर काढून दिला आणि सोफ्यामागच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांच्या मांडीवर घडी केलेला कोट होता आणि कोटाखाली आणखी एक कंट्रोलर. कोटाखालून एक काळी वायर निघून गालिच्यावरून थेट पडद्याखाली ठेवलेल्या, घरून आणलेल्या त्यांच्या जुन्या मशीनपर्यंत गेली होती; पडद्यावर आता खोक्यातला नव्हे, त्या मशीनवरचा खेळ होता. सरांच्या हातातला कंट्रोलर कशालाच जोडलेला नव्हता.

खेळवालीनं वळून पाहिलं. काकांनी डोळा मिचकावला. गल्लीतल्या खेळात मोठी पोरं कच्च्या लिंबाच्या डोक्यावरून एकमेकांना मिचकावतात, तसा. त्यानं हवं तितकं धावावं, त्याच्यावर राज्य येत नाही. फक्त ते त्याला कळू द्यायचं नसतं.

तिनं फळी टाकली. सरांचे अंगठे ताशा बडवल्यासारखे चालले होते आणि पडद्यावरचा माणूस शहाण्यासारखा एकेक पाऊल टाकत पलीकडे पोचला.

"जमलं की," सर म्हणाले आणि खुदकन हसले. तो हसण्याचा आवाज खरा होता, लहान मुलासारखा. त्यामुळे तिला आणखीच किळस आली.

टाळ्या वाजल्या. वायर कुणालाही दिसली असती. इंजिनियरला दिसली, त्यानं पाय उचलला, वायरीला धक्का न लावता पलीकडे ठेवला आणि टाळ्या वाजवत राहिला.

सेक्रेटरीबाई तिच्या कानाशी वाकल्या. "काकांना सांगा, मधेमधे पाडत चला. सारखं जिंकलं की सरांना शंका येते."

"म्हणजे? तुम्ही आधीही…"

"अहो, आजवरचे सगळे खेळ असेच पास झालेत. त्यासाठी आमचा एक माणूसच ठेवलेला आहे. आज रजेवर आहे, म्हणून जरा काळजीच होती. बरं झालं, तुम्ही तुमचा आणलात."

सर उठले. "उशिरा ऐकतो, उशिरा ऐकतो म्हणून माझं डोकं खाल्लंत सगळ्यांनी. मघाशी मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. निघाली बॅटरी. कंट्रोलर आहे तसाच जाऊ दे. आणि मॅडम, तुमचा खेळ खोक्याबरोबर पहिल्या दिवशी."

त्यांनी हात पुढे केला. तो चिकट होता. "थँक्यू सर," हे शब्द तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडले.

बाहेर व्हरांड्यात काका वायर गुंडाळत होते. "वाचला ना गं खेळ?"

"वाचला."

"मग तोंड असं का एरंडेल प्यायल्यासारखं?"

"काका, तो सर खरं बोलला होता, हाच उशिरा ऐकतोय म्हणून. त्याच्या तोंडून तेवढं एकच खरं वाक्य निघालं, आणि ते आपण परत त्याच्या घशात घातलं."

काकांचा हात थांबला. ती बेसिनपाशी जाऊन हात धुऊ लागली. दोनदा साबण लावला, हुंगून पाहिलं आणि पुन्हा नळ सोडला.

एवढी मोठी कंपनी, तिचं खोकं चालेल का, असं लोक विचारतात. जाणते लोक किमतीचं सांगतील, बाजाराचं सांगतील. सांगू देत. माझी विनंती एवढीच आहे. ते दुकानात येईल तेव्हा कुणी एक आई हौसेनं घरी घेऊन जाईल. लेकीशेजारी मांडी घालून बसेल, फळी टेकताक्षणी बटण दाबेल आणि पाण्यात पडेल. पुन्हा दाबेल, पुन्हा पडेल. ती खोक्याला बोल लावणार नाही. आपल्या अंगठ्याकडे बघेल आणि म्हणेल, "मला मेलीला काही जमायचं नाही, तूच खेळ बाई," आणि उठून आत जाईल.

त्या माउलीची तेवढी आठवण ठेवा.