फोनने ऐकलेली साखर

पाडव्याचं जेवण शाल्मलीच्या परीक्षेचं होतं. सणाच्या पानावर बसून, कुणाला न विचारता इन्सुलिनचा हिशेब करून दाखवला, तरच तिला शाळेच्या सहलीला हंपीला जाता येणार होतं. आई, म्हणजे शलाका, मध्ये तोंड उघडणार नाही, असं ठरलं होतं.

कल्पनाआजी पोळ्या लाटत होत्या. त्यांच्या धाकट्या भावाला, सुमंतला, शाल्मलीसारखाच मधुमेह होता. बेळगावच्या माहेरी काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची आणि त्यांची आई त्याला शेजारच्या वाड्यातल्या मुंजीलासुद्धा पाठवायची नाही. सहल तर लांबच. आता नातीच्या दंडावरच्या बटणाएवढ्या सेन्सरवरून साखरेचा आकडा थेट फोनवर येतो, याचं आजींना रोज नवल वाटे.

शाल्मली ताटासमोर फोन धरून डोस काढणाऱ्या ॲपला पान सांगू लागली, "एक पुरणपोळी, एक वाटी कटाची आमटी, थोडा भात..."

लग्नापासून बंगळूरच्या चामराजपेटेत राहून बोलण्यात कन्नड मिसळलेल्या आजींना राहवेना. "अगं, आणखी अर्धी बेकु का? वाढू?"

"साकु, आज्जी, साकु!" पुरे म्हणून शाल्मलीने पानावर हात आडवा धरला.

ॲपने डोस सांगितला. तोच आकडा शलाकाच्या फोनवरही उमटला. तिचा चेहरा उतरला, ओठ घट्ट मिटले. सुनेला असं गप्प बसलेलं आजींनी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. काहीतरी चुकलंय, हे त्यांना कळलं. पण काय, ते कळेना. जास्त इन्सुलिन गेलं की सुमंत कसा घामाघूम होऊन थरथरायचा, ते मात्र डोळ्यांपुढे आलं.

शाल्मलीने इन्सुलिनच्या पेनची डोस लावायची चकती फिरवली. फिरवता फिरवता थांबली.

"एवढं? एका पोळीला?" तिने स्क्रीन वर सरकवली. "आज्जी, तू मला साखर वाढलीस?"

"मी कशाला वाढू गं बाई!"

"मग हे काय? साखर, दोन चमचे!" तिने डोळे बारीक केले आणि एकदम खिदळली. "अय्यो! मी साकु म्हटलं दोनदा, याने साखर ऐकलं! या येड्याला कन्नडच येत नाही!"

"पुण्याचा असणार," आजी म्हणाल्या.

"आई!" शलाका ओरडली. पुण्याच्या माहेरची बाजू घ्यायला तिने ठरलेलं मौन मोडलं, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शाल्मलीने यादीतली साखर पुसली, नवा डोस दोनदा वाचला, पोटाला पेन लावून मोकळी झाली. मग आईकडे बघत राहिली.

"बघतेस काय? जा हंपीला," शलाका म्हणाली. "फोन चुकला तरी तू चुकत नाहीस, एवढंच मला बघायचं होतं."

शाल्मली पानावरून उठून नाचायलाच लागली. आजींनी दटावून तिला खाली बसवलं. शलाकाने मात्र सगळ्यांच्या आधी स्वतःच्या पोळीवर तूप ओतून घेतलं आणि मोठा घास तोंडात घातला.