अंग काढून घेणे : अर्थ तिसरा

शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम होता : उदाहरणाचं वाक्य मनाने रचायचं नाही. ते जिवंत माणसाच्या तोंडून सहज आलेलं हवं. ऐकलं की चिठ्ठीवर उतरवायचं, खाली तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव. रचलेलं वाक्य संपादकबाई वासावरून ओळखत. 'राजा शूर होता' असलं काही दिसलं की विचारत, "हा राजा तुम्हाला भेटला कुठे? बसस्टॉपवर?"

या नियमापायी चिठ्ठीशेठ (कचेरीत त्याला हेच म्हणत) तीन आठवडे 'अंग काढून घेणे' या एका नोंदीपाशी अडकला होता. अर्थ दोन तयार होते : भीतीपोटी जबाबदारीतून बाजूला होणे आणि रागापोटी बाजूला होणे. पण वाक्य कोणी बोलेचना. लोक हात झटकत होते, काखा वर करत होते. अंग म्हणून कोणी काढून घेत नव्हतं. तो मुद्दाम सोसायटीच्या बैठकीला जाऊन बसला. सगळ्यांनी आधीच अंग काढून घेतलेलं असल्यामुळे बैठकीला तो एकटाच होता.

रविवारी सकाळी बायको बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी या संसारातून अंग काढून घेतेय."

तिला अडवायला हवं, हे त्याला कळलं. पण हात सवयीने खिशातल्या चिठ्ठीकडे गेला होता.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला. "जरा सावकाश."

अकरा वर्षं ती त्याच्यासाठी वाक्यं सावकाश म्हणत आली होती. बॅग खाली ठेवून तिने हेही म्हटलं, शब्दाशब्दाला थांबत. मग "तारीख घाल," म्हणाली आणि जिना उतरून बहिणीकडे निघून गेली.

सोमवारी बाईंनी चिठ्ठी उजेडात धरली.

"वाक्य अस्सल आहे हो! पण कुठल्या अर्थाखाली घालायचं? भीती की राग?"

"राग," तो घाईघाईने म्हणाला. राग निदान उतरतो तरी.

"तुम्हाला काय ठाऊक? बोलणारीला विचारा. कोण आहेत या?"

"ओळखीच्या आहेत."

व्हरांड्यात जाऊन त्याने बायकोला फोन लावला.

"काल रागाने बोललीस ना?"

"नाही रे." आवाज मऊ होता.

"मग भीतीने?"

"तुला कोण घाबरतंय!" ती चक्क हसली. "दमले मी. काही सांगायला आले की तू त्यातला एखादा शब्द उचलून न्यायचास, आणि सांगणं माझ्यापाशीच पडून राहायचं. दमून, असा तिसरा अर्थ घाल."

"परत येशील?"

"नाही," ती म्हणाली. "लिहून घेतोयस ना?"

"हो."

"घे मग. थांबते मी."

चिठ्ठी आणि पेन, दोन्ही आत टेबलावर होतं. भिंतीकडे तोंड करून, फोन कानाशी घट्ट दाबून तो उभा राहिला. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता.

"झालं?"

"अजून नाही."

"एवढं काय आहे त्यात? एकच तर शब्द."

"मोठ्या अक्षरात लिहितोय," तो म्हणाला.